झाकणाच्या आतले आकडे

मी एक जुना पायरोमीटर आहे, मित्रांनो, पण या नावाने मला हाक मारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळे मला दुर्बीण म्हणतात. म्हणोत बापडे. दिसायला मी आहेच तसा: दीड वीत लांबीची पितळी नळी, एका टोकाला मोठी काच, दुसऱ्या टोकाला डोळा लावायची छोटी काच, कमरेवर एक गोल बटण आणि बाजूला आकड्यांची तबकडी. पण दुर्बीण लांबचं जवळ आणते, तसलं काही मला येत नाही. मला एकच काम येतं. जी वस्तू इतकी तापली आहे की तिच्याजवळ हात नेला तर हात परत यायचा नाही, ती नेमकी किती तापली आहे हे मी लांबून, तिला न शिवता सांगतो.

ते कसं, हे आधी सांगतो, म्हणजे पुढे अडायला होणार नाही. माझ्या पोटात एक इवलासा दिवा आहे आणि त्यात केसासारखा एक तंतू आहे. माझ्यातून तापलेल्या वस्तूकडे पाहिलं की तिचा लाल उजेड दिसतो आणि त्या उजेडावर हा तंतू आडवा दिसतो. तंतू मंद असला तर काळी रेघ दिसते, जास्त पेटला तर उजळ रेघ दिसते. बटण फिरवत फिरवत एक क्षण असा येतो की रेघच दिसेनाशी होते. याचा अर्थ दोघांचा उजेड सारखा झाला. तिथे हात थांबवायचा आणि तबकडीवरचा आकडा वाचायचा. माझी सगळी करामत म्हणजे वेळेवर नाहीसं होणं. आयुष्यभर मी तेवढंच केलं आणि त्यावर माझं बरं चाललं.

माझा जन्म एका लांबलचक, धूळ नसलेल्या खोलीत झाला. नळी एकाने कातली, काचा दोघांनी घासल्या आणि तंतू एका बाईंनी बसवला. त्या चिमट्यात तंतू धरून श्वास रोखून बसायच्या. माझ्याआधी त्या सकाळी त्यांच्या हातून चार तंतू तुटले होते. पाचवा उचलताना त्या म्हणाल्या, "तू तरी नीट बस रे बाबा, मान मोडली माझी." मी बसलो. माझ्याशी कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य. नंतर मला हिरवं अस्तर लावलेल्या लाकडी पेटीत घातलं आणि पेटीवर नाजूक वस्तू असल्याची चिठ्ठी चिकटवली. हमालाने ती चिठ्ठी वाचली असेल असं मला वाटत नाही.

मी ज्या प्रयोगशाळेत आलो तिथे एका लांब बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या होत्या. डावीकडे वजनांची खोली, उजवीकडे आमची, उष्णतेची. वजनांच्या खोलीत सगळं पांढरंशुभ्र, माणसं हातमोजे घालून वावरत. आमच्याकडे भिंतींवर धुराचे ओघळ, टेबलावर जळल्याचे डाग आणि खिडकीत फुटक्या विटांचे नमुने. भट्टीवाले, काचवाले, विटा भाजणारे आपापल्या वस्तू आमच्याकडे पाठवायचे. त्यांना दोन गोष्टी हव्या असत: ही वस्तू किती ताप सोसते आणि तापल्यावर किती उजेड देते.

ही दुसरी गोष्ट जरा नीट ऐका, मित्रांनो, कारण पुढचं रामायण तिच्यावरच घडलं. दोन वस्तू अगदी सारख्या तापवल्या तरी त्या सारख्या उजळत नाहीत. काळी, खरबरीत वस्तू आपल्याजवळच्या उष्णतेतला मोठा वाटा उजेडाच्या रूपाने देऊन टाकते. चकचकीत वस्तू महाचिकट. ती असते तितकीच गरम, पण देताना हात आखडते, आणि माझ्यासारख्या लांबून बघणाऱ्याला ती आहे त्यापेक्षा थंड भासते. कागदोपत्री या गुणाला उत्सर्जकता म्हणतात. आमच्या खोलीत कुणी तो शब्द उच्चारत नसे, कारण आमच्या खोलीत मामा होते, आणि मामांनी त्याला नाव दिलं होतं दानत. "या विटेची दानत किती?" असं ते विचारायचे. शंभरातले ऐंशी देणारी वीट त्यांना आवडायची. शंभरातले तीस देणाऱ्या पत्र्याला ते 'मेलं कवडीचुंबक' म्हणत आणि तरीही तितक्याच नेमाने मोजत.

मामा म्हणजे आमचे बघणारे. त्यांना सगळेच मामा म्हणत, कारण बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांची लहानगी भाची शाळा सुटल्यावर त्यांना शोधत बोळातून हाका मारत यायची. तिचे वडील लवकर गेले होते. मामा बहिणीच्या घरीच राहिले आणि त्यांनी पोरीला वाढवलं. स्वतःचं लग्न करायचं राहिलं ते राहिलंच. कुणी विचारलं तर म्हणत, "वेळ मिळाला नाही, भट्टी तापली होती."

आमच्या खोलीत एक नियम होता. बघणाऱ्याने वाचायचं नाही आणि वाचणाऱ्याने बघायचं नाही. मामा माझ्यात डोळा घालून बटण फिरवत आणि रेघ नाहीशी झाली की म्हणत, "बुडाला." मग शेजारी बसलेला माणूस तबकडीवरचा आकडा मोठ्याने वाचे. का, तर आकडा दिसला की हाताला मोह होतो. कालचा आकडा आठवतो, साहेबांना हवा असलेला आकडा आठवतो, आणि बटण नकळत तिकडे सरकतं. मामांनी तीस वर्षांत एकदाही तबकडीकडे मान वळवली नाही. मी साक्षीला आहे.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी आमची परीक्षा व्हायची, माझी आणि मामांच्या डोळ्याची. हवा काढून टाकलेल्या एका पेटीत धातूची एक काळी पाटी उभी असे. पेटीला काचेची खिडकी होती. पाटीतून वीज सोडली की ती तासाभरात लालभडक व्हायची. पाटीच्या कडेला एक खोल, बारीक भोक होतं आणि त्यात थर्मोकपलची तार बसवलेली होती. ती पाटीचा खरा ताप सांगायची: एक हजार अंश. मी खिडकीतून पाटीच्या काळ्या अंगाकडे बघून सांगायचो: नऊशे ऐंशी. वीस अंश कमी का, तर पाटी शंभरातले पंच्याऐंशीच द्यायची आणि थोडा उजेड खिडकीची काच खायची. हे सगळं धरून एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं, 'वीस मिळवा'. नऊशे ऐंशी अधिक वीस, झाले हजार. जुळलं की मामा चहा मागवायचे. तीस वर्षं चहा कधी चुकला नाही.

इथवर माझं आयुष्य सुखाचं होतं. माझं कौतुकही व्हायचं. दोन कारखान्यांचं पटेनासं झालं की माणसं आमच्याकडे यायची आणि मी सांगितलेला आकडा दोघेही मान खाली घालून घेऊन जायचे. माझं पितळ काळवंडलं होतं, पेटीच्या झाकणाचं आतलं अस्तर निघून नुसतं लाकूड उरलं होतं, पण माझ्या काचा मामा रोज मऊ फडक्याने पुसत. आधी फुंकर, मग फडकं. उलटं कधी नाही.

मग दोन गोष्टी एकदम झाल्या. मामांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला आणि भाची आमच्या खोलीत कामाला आली.

भाची आता बाई झाली होती. सात वर्षं तिने बोळापलीकडे वजनांच्या खोलीत काम केलं होतं, आणि तिचं नाव होतं तिथे. वाचणारा माणूस निवृत्त झाला म्हणून तिची बदली आमच्याकडे झाली. लोकांसमोर ती मामांना 'तुम्ही' म्हणायची, डबा खाताना 'तू'. डब्याच्या वेळी मी पेटीत उघडाच असायचो, त्यामुळे घरच्या सगळ्या बातम्या मला कळत. "डाव्याचं सोड," मामा म्हणाले होते, "मी उजव्याने बघतो. पण डॉक्टर म्हणतो, उजव्याचंही काही खरं नाही. तिथेही मोतीबिंदू कधीही धरेल." भाचीचा घास बराच वेळ हातात राहिला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी तपासनीस बाई येणार होत्या. दर तीन वर्षांनी बघणाऱ्याची परीक्षा होई. पाटीचा आकडा दहा अंशांच्या आत आला तर दाखला पुढे चालू, नाही आला तर बघणारा कागदपत्रांच्या खोलीत. मामांची नोकरीची दोन वर्षं उरली होती. ती दोन वर्षं फायली बांधत काढायची या विचाराने त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण माझ्या छोट्या काचेवर त्यांच्या डोळ्याचा घाम येऊ लागला होता, तो मला कळत होता.

सोमवारी साहेबांनी फर्मान काढलं की पाहुणे येणार आहेत, खोल्या स्वच्छ करा. या साहेबांना सगळे मागून दशांश म्हणत, कारण ते वेळसुद्धा दशांशात सांगायचे. मामा त्या दिवशी डॉक्टरकडे गेले होते. भाचीने पदर खोचला. टेबल घासलं, भिंती पुसल्या, फुटक्या विटा कपाटात टाकल्या. मग तिचं लक्ष थंड पडलेल्या काळ्या पाटीकडे गेलं.

तिची चूक समजून घ्या, मित्रांनो. ती वजनांच्या खोलीतून आली होती. तिथे वजनावर बोटाचा ठसा उमटला तरी माप खोटं ठरतं. स्वच्छ म्हणजे खरं, हे तिने सात वर्षं गिरवलं होतं. आणि इथे तर मामांच्या परीक्षेची पाटी, आणि तिच्यावर हा काजळीसारखा थर. तिला लाज वाटली. तिने पेटी उघडली, भोकातली तार जपून बाजूला केली आणि पॉलिशपेपर घेऊन पाटी घासायला बसली. दोन तास घासली. शेवटी पाटीत तिला स्वतःचा चेहरा दिसला. तिने तार परत बसवली, पेटी बंद केली, हवा काढली आणि समाधानाने हात धुतले.

तो थर म्हणजे मळ नव्हता. पाटी कित्येक दिवस उघड्या भट्टीत तापवून मुद्दाम आणलेली ती कातडी होती. तिच्याच जोरावर पाटी शंभरातले पंच्याऐंशी देत होती. आता ती पस्तीस देणार होती. मी हे माझ्या पेटीतून पाहत होतो. पण मला बोलता येत असतं तर ही गोष्टच घडली नसती.

मंगळवारी भाचीने पाटी आधीच तापवून ठेवली. मामा आले तेव्हा ती लाल झाली होती, आणि लाल झालेली पाटी काळी होती की गोरी हे नुसत्या डोळ्याने कळत नाही. मामा बसले, डोळा लावला, बटण फिरवलं. "बुडाला."

भाचीने तबकडी पाहिली. नऊशे वीस.

तिने पुन्हा पाहिलं. थर्मोकपल हजार दाखवत होतं, म्हणजे पाटी पुरेशी तापली होती. साठ अंश कमी. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिने काय समजून घेतलं. उजव्या डोळ्यातही मोतीबिंदू धरला होता.

"काय आला?" मामांनी विचारलं. त्यांची मान वळली नव्हती.

"नऊशे ऐंशी," ती म्हणाली.

"जुळलं. चहा सांग."

मी तीस वर्षांत पहिल्यांदा खोटा पडलो, मित्रांनो, तो हा असा, शेजारच्या माणसाच्या मायेने. मला राग आला का? मी पितळेचा आहे, मला राग येत नाही. पण मला ते आवडलं नाही, एवढं सांगतो.

वजनांच्या खोलीची एक सवय मात्र तिच्या अंगात मुरली होती. खरं वाचन कुठेतरी लिहिल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. संध्याकाळी मला पेटीत ठेवताना तिने पर्समधून पेन्सिल काढली आणि झाकणाच्या आतल्या लाकडावर बारीक अक्षरात लिहिलं: 'मंगळ, पाटी, ९२०'. मग झाकण लावलं. तो आकडा माझ्या डोक्यावर राहिला.

बुधवारी पुन्हा नऊशे वीस, पुन्हा 'नऊशे ऐंशी'. त्याच दिवशी एका भट्टीवाल्याची फरशी तपासायची होती. फरशीतही थर्मोकपल होतं आणि तेही हजारावर होतं. मामांनी पाहिलं, बुडाला म्हणाले. तबकडीवर नऊशे पंच्याऐंशी. आता भाचीची खरी पंचाईत झाली. मामांचा डोळा साठ कमी दाखवतो असं तिने मनाशी धरलं होतं. मग इथेही साठ मिळवायला नकोत का? भट्टीवाल्याला चुकीचा आकडा कसा द्यायचा? तिने प्रामाणिकपणे हिशेब केला आणि सांगितलं, "एक हजार पंचेचाळीस."

मामांच्या कपाळावर आठी आली. "एवढा?"

"एवढाच."

"बघणाऱ्याने वाचायचं नाही," मामा स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी नियम मोडला नाही. आकडा कागदावर गेला, कागद दशांश साहेबांच्या टेबलावर गेला. झाकणाच्या आत एक ओळ वाढली: 'बुध, पाटी ९२०, फरशी ९८५'. गुरुवारची ओळ: 'पाटी ९१९'.

शुक्रवारी तपासनीस बाई आल्या. सर्दीने बेजार होत्या, पण नजर तिखट. त्यांनी भाचीला बाजूला बसायला सांगितलं. "आज मी वाचते."

भाचीने हात ओच्यात लपवले. मामांनी डोळा लावला. नेहमीपेक्षा हळू फिरवलं, पुढे जाऊन मागे आले, पुन्हा पुढे गेले. "बुडाला."

"नऊशे वीस," तपासनीस बाई म्हणाल्या. "अधिक वीस, नऊशे चाळीस. साठ अंश कमी आहे. पुन्हा बघा."

पुन्हा नऊशे एकोणीस. तिसऱ्यांदा नऊशे वीस. दशांश साहेब म्हणाले, मला बघू द्या, आणि त्यांचे आकडे आले नऊशे पाच, नऊशे चाळीस, आठशे नव्वद. सवय नसलेल्या डोळ्याचं असंच होतं. ते बाजूला झाले.

मामांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही. "डोळा गेला माझा," ते म्हणाले. आवाजात काहीच नव्हतं. "कालपर्यंत नऊशे ऐंशी होता. झालं असेल आज."

साहेबांनी टेबलावरचा फरशीचा कागद उचलला. "मामा, मला आधीच शंका आली होती. बुधवारी तुम्ही फरशीचा ताप एक हजार पंचेचाळीस पाहिलात. आतलं थर्मोकपल हजारावर होतं, त्यावरून मी दानत काढली. शंभरातले एकशे पंच्याण्णव येतात. जगात कुणी आपल्याजवळ आहे त्यापेक्षा जास्त देत नाही हो. अशी फरशी नऊशे पंच्याऐंशीच्या आसपास यायला हवी. म्हणजे बुधवारी साठ जास्त, आज साठ कमी. असं असेल तर..." पुढचं ते बोलले नाहीत. माणूस तसा वाईट नव्हता.

"बुधवारी साठ जास्त?" मामांनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका पडला होता की तपासनीस बाईंनीही खोकण्याचं निमित्त करून मान फिरवली.

तेव्हा भाची उठली. मला वाटलं ती रडेल, पण ती सरळ माझ्या पेटीपाशी आली आणि तिने झाकण उघडून सगळ्यांसमोर धरलं.

"ते साठ माझे आहेत," ती म्हणाली. "मंगळवारपासून पाटी नऊशे वीस येतेय. मी नऊशे ऐंशी सांगत होते. फरशी नऊशे पंच्याऐंशी होती. त्यातही मी साठ मिळवले. मामा, मला वाटलं तुझा डोळा..." लोकांसमोर तिने त्यांना 'तू' म्हटलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

पेटीतल्या पाटीचा लाल उजेड काचेवर पडला होता. मामांनी झाकण हातात घेतलं, उजव्या डोळ्याजवळ नेलं आणि ओळी एकेक करून वाचल्या. राग यायच्या आधी त्यांच्यातला बघणारा जागा झाला.

"थांबा," ते म्हणाले. "बुधवारी एकाच दिवशी, याच डोळ्याने, फरशी नऊशे पंच्याऐंशी आणि पाटी नऊशे वीस? फरशी तर बरोबर आहे. शंभरातले अठ्ठ्याऐंशी, भाजलेल्या मातीची दानत एवढीच असते. डोळा गेला असता तर दोघींसाठीही गेला असता. एकीपुरता कसा जाईल?" त्यांनी भाचीकडे पाहिलं. "सोमवारी पाटीला काय झालं?"

"पाटीला? काही नाही. मी फक्त स्वच्छ केली."

"स्वच्छ."

"पॉलिशपेपरने. अगदी आरसा केला होता..."

मामा खुर्चीत मागे टेकले आणि त्यांना हसू फुटलं. मोठ्याने नाही, पोट हलेल इतकंच. तपासनीस बाईंनी नाक पुसलं आणि विचारलं, "म्हणजे आज आपण चकचकीत पाटीकडे बघतोय?"

"बघतोय कशाला, भोकात बघू," मामा म्हणाले. "तार काढा."

हेही सांगतो, मित्रांनो. वस्तू काळी असो की गोरी, तिच्यातलं खोल भोक कधी चिकटपणा करत नाही. आतला उजेड आतल्या आत भिंतींवर आपटत राहतो आणि बाहेर पडतो तो पुरता, शंभरातले शंभर. पाटी थंड करून पेटी उघडली, तार काढली, भोक खिडकीकडे केलं आणि विजेचा काटा होता तिथेच ठेवून पुन्हा तापवली. यात दुपार गेली. सगळे थांबले. मामांनी डोळा लावला तेव्हा मी माझ्या परीने स्थिर राहिलो. भोक बारीक होतं आणि तंतू त्याच्यावर बरोबर मध्ये आला.

"बुडाला."

"नऊशे चौऱ्याण्णव," तपासनीस बाईंनी वाचलं. "सहा खिडकीच्या काचेचे. एक हजार."

"हा सूर्य आणि हा जयद्रथ," मामा म्हणाले आणि त्यांनी चष्मा घातला.

दाखला मिळाला. दशांश साहेबांनी फरशीचा चुकीचा कागद फाडला. तो भट्टीवाल्याच्या हाती पडायला एकच दिवस उरला होता. पाहुणे गेले, साहेब गेले, आणि खोलीत दोघेच उरले. भाची माझी पेटी बंद करत होती, उगाचच हळू.

"पाटी घासलीस," मामा म्हणाले, "ते तुला ठाऊक नव्हतं. मी सांगायला हवं होतं, माझंही चुकलं. आठ दिवस उघड्या भट्टीत ठेवू, तिला पुन्हा कातडी येईल. पण आकडा घासलास, त्याचं काय करायचं?"

"मला वाटलं, तू मोडून जाशील."

"मोडलो असतो. मग? मोडलेल्या माणसाला खरं सांगायचं नाही असं कुठे लिहिलंय? तू मंगळवारी नऊशे वीस म्हणाली असतीस तर मी मंगळवारीच विचारलं असतं, पाटीला काय झालं म्हणून. तीन दिवस तू मला आंधळा समजून सांभाळत होतीस, आणि मी डोळस होतो." त्यांनी उजव्या डोळ्याकडे बोट केलं. "आणि समज, खरंच गेला असता डोळा. तरी तो माझा होता. तू वाचायचं काम घेतलं होतंस."

ती रडली. मामांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "चहा सांग. आज सकाळपासून राहिलाय." झाकणावरचे आकडे पुसायला ती रबर शोधू लागली, तेव्हा त्यांनी हात धरला. "ते राहू दे. तेवढंच खरं लिहिलंयस तू या आठवड्यात."

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही. मामांनी दोन वर्षं पूर्ण केली. नंतर भाची बघणारी झाली आणि वाचायला दुसरी माणसं आली. मग एक दिवस ताप मोजणाऱ्या नव्या बंदुका आल्या. घोडा दाबला की त्यांच्या पाठीवर आकडा उमटतो. डोळा नको, बटण नको, दोन माणसंही नकोत. त्यांनाही वस्तूची दानत आधी सांगावी लागते, आणि चुकीची सांगितली तर त्या चुकीचा आकडा मोठ्या ऐटीत दाखवतात, पण ते मी कशाला बोलू. मी कपाटात गेलो. माझ्या काचांवर धूळ बसली, बटण घट्ट झालं, पेटीचा कडीकोयंडा गंजला. कित्येक महिने मला कुणी उघडलं नाही. डोक्यावर त्या पेन्सिलच्या ओळी होत्या, त्या मला पाठ झाल्या.

एका सकाळी झाकण उघडलं आणि समोर भाची होती, केस पिकलेली. तिने आधी फुंकर मारली, मग फडकं फिरवलं. मी ओळखलं, कुणीतरी आलं आहे. मामा आले होते, काठी टेकत, तिच्या खांद्याला धरून. दोन्ही मोतीबिंदू कधीच काढून झाले होते. आता डोळ्याच्या मागचा पडदा झिजला होता आणि त्यावर काही इलाज नव्हता. "एकदा बघू दे," त्यांनी घरी हट्ट धरला होता म्हणे. "शेवटचं."

काळी पाटी तापवून ठेवली होती, कातडीसकट, नीट. थर्मोकपल हजारावर होतं. मामा बसले. त्यांचे हात चाचपडले, पण बटण सापडल्यावर बोटं जुनी झाली. त्यांनी फिरवलं. पुढे, मागे, पुन्हा पुढे. खूप वेळ लागला. तंतू अजून बुडालेला नव्हता, मला माहीत होतं. त्यांना तो दिसतच नव्हता.

"बुडाला," मामा म्हणाले, आणि मान न वळवता थांबले.

भाचीने तबकडी पाहिली. नव्वद अंश कमी होते. खोलीत आणखी कुणी नव्हतं. ना परीक्षा होती, ना दाखला, ना कुठली फरशी. नऊशे ऐंशी म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं, म्हातारा माणूस चहा पिऊन सुखाने घरी गेला असता. तिच्या मनात ते आलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, मला हात नाहीत. पण तिने तबकडी दुसऱ्यांदा वाचली.

"आठशे नव्वद, मामा," ती म्हणाली.

मामांनी डोळा काढला. "नक्की?"

"नक्की. दोनदा वाचलं."

"पाटी?"

"पाटी काळी आहे. मी स्वतः बघितली."

मामांनी हात पुढे करून तिचा हात शोधला आणि त्यावर थोपटलं. "म्हणजे गेला," ते म्हणाले. "बरोबर वाचलंस."

तिने पेन्सिल काढली आणि झाकणाच्या आत जुन्या ओळींखाली लिहिलं: 'पाटी, ८९०'. त्यातलं शून्य जरा वाकडं आहे. नंतर दोघांनी चहा घेतला.

मित्रांनो, वस्तूच्या आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूने काहीतरी मागायचं असतं. माझं मागणं मोठं नाही. माझ्या काचा पुसाल तर आधी फुंकर मारा, मग मऊ फडकं घ्या. माझं पितळ काळं पडलं आहे, ते चकचकीत करायला जाऊ नका. कुठलीही काळी, जुनी वस्तू घासण्याआधी तिला ओळखणाऱ्या माणसाला एकदा विचारा, ती अशी का आहे म्हणून. आणि कधी माझ्याशेजारी बसून वाचायची वेळ आली, तर माझ्या तबकडीवर जे असेल तेच मोठ्याने सांगा. ऐकणारा तुमचा कितीही लाडका असला तरी तेच सांगा. मामांनी ते ऐकलं, आणि त्या दिवशी ते जिना एकेक पायरी मोजत, भाचीचा हात धरून, आपल्या पायांनी उतरले.